राजधानीचा इतिहास : संशोधनासाठी विषय कसा निवडावा?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी व पालकांपुढे केलेले भाषण)



इतिहासात एम. ए. किंवा पीएच. डी. करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो विषयाचा. राजधानीच्या शहरावर काम करायचे म्हटले की आपली नजर दिल्ली, आग्रा, हैदराबाद अशी धावते. अमरावती-अकोल्याच्या मुलामुलींना इतके दूर जाण्याचे कारण नाही. वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी अचलपूर, म्हणजे आपले एलिचपूर, आपल्याच जिल्ह्यात आहे. 1490 मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्क बहमनी सत्तेपासून स्वतंत्र झाला. 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने हे राज्य जिंकून घेतले. 1596 मध्ये चांदबीबीने वऱ्हाड मोगलांना दिला.

परंतु ‘अचलपूरचा इतिहास’ हा विषय होऊ शकत नाही. एवढे मोठे नाव घेऊन बसलेला विद्यार्थी दोन वर्षे गॅझेटियरमधील उतारे उतरवून काढतो आणि त्याच्या हाती स्वतःचे असे काही लागत नाही. विषय म्हणजे एक प्रश्न. त्याला ठराविक काळ हवा, ठराविक जागा हवी, आणि उत्तर देणारा पुरावा तुम्हाला स्वतः वाचता आला पाहिजे.

उदाहरण घ्या. अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाजावर फारसी लेख आहे. हा दरवाजा फतहुल्ला इमादुल्मुल्कने 1487 मध्ये बांधला, आणि लेखात बादशहा म्हणून नाव आहे ते बहमनी सुलतान महमूदशहाचे. म्हणजे स्वतंत्र होण्याच्या अवघी तीन वर्षे आधी हा सरदार दगडावर आपल्या धन्याचे नाव कोरत होता. मग या तीन वर्षांत काय बदलले? इमादशाहीची सत्ता राजधानीत होती की नरनाळा आणि गाविलगड या किल्ल्यांत? हा झाला विषय. सातपुड्याच्या या दोन किल्ल्यांवर आणि अचलपूर शहरात तुम्ही एस. टी. ने जाऊन पोहोचू शकता.

दुसरा विषय अकोल्याकडचा आहे. वऱ्हाड मोगलांकडे आल्यावर शाहजादा मुराद याने बाळापूरपासून काही कोसांवर आपला मुक्काम केला, तेथे शहापूर नावाचे शहर वसले, अशी नोंद ‘आईने अकबरी’त आहे. 1599 मध्ये मुराद वारला. राजपुत्र गेल्यावर त्याने वसवलेल्या शहराचे काय होते, हा प्रश्न फार मोठ्या अभ्यासकालाही पुरेल.

तिसरा विषय अर्वाचीन काळातला आहे. 1867 मध्ये मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला तो अकोला आणि बडनेऱ्यावरून. अचलपूर बाजूला राहिले. 1905 मध्ये एलिचपूर जिल्हा मोडून अमरावतीत मिळवला गेला. जुनी राजधानी मागे पडली ती रेल्वेमुळे, कापसाच्या बाजारामुळे, की त्याआधीच? बाजाराचे हिशेब, जनगणनेचे अहवाल आणि म्युनिसिपालिटीचे कागद यांतून याचा शोध घेता येईल.

विषय निवडताना भाषेचा विचार अवश्य करा. 1724 मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर वऱ्हाड निजामाच्या ताब्यात गेला, पण महसुलात नागपूरकर भोसल्यांचाही वाटा असे. या दुअमलीमुळे एकाच मुलखाचे कागद फारसीतही आहेत आणि मोडीतही. उर्दू शाळेतून आलेल्या मुलाला फारसीची लिपी आणि अर्धे शब्द आधीच येतात. मराठी शाळेतून आलेल्याला मोडी लवकर वश होते. दोघांनी एकत्र बसावे. जो दोन्ही शिकेल त्याला नागपूर, पुणे आणि हैदराबाद येथील पुराभिलेखागारांची दारे उघडी आहेत. हिजरी सन बदलताना मात्र कोष्टक वापरा. चांद्रवर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असल्याने ठराविक आकडा मिळवून भागत नाही. 892 हिजरी म्हणजे 1487 इसवी, फरक 595 वर्षांचा. आज तो फरक सुमारे 579 वर्षांवर आला आहे.

आता जरा अवघड गोष्ट बोलतो. कोणाचा तरी मोठेपणा सिद्ध करण्यासाठी किंवा कोणाला तरी उत्तर देण्यासाठी विषय घेऊ नका. आपण लहानपणापासून ऐकत आलो की ईल नावाच्या राजावरून एलिचपूर नाव पडले, आणि दुल्हा रहमान शहा गाझींशी त्याची लढाई झाली. दर्ग्याविषयी आपल्या सर्वांच्या मनात आदर आहे, तो राहीलच. परंतु बाराव्या शतकात हेमचंद्र या जैन पंडिताने आपल्या प्राकृत व्याकरणात नियमच दिला आहे की अचलपूर या नावात च आणि ल यांची अदलाबदल होऊन अलचपूर होते. म्हणजे एलिचपूर हे नाव बोलण्यातूनच घडले असण्याचा संभव मोठा. कथा लोकांनी का जपली, हा वेगळा आणि चांगला विषय आहे. कथेला पुरावा म्हणून मात्र मांडू नये. फिरिश्त्याने लिहिले आहे की फतहुल्ला हा मूळचा विजयनगरकडील कानडी हिंदू घराण्यातला, लढाईत लहानपणी पकडला गेलेला मुलगा. हे वाचून कोणाला बरे वाटेल, कोणाला वाटणार नाही. विद्यार्थ्याने दोघांकडे न पाहता लिहावे. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला नको तसेही निघू शकते, तोच प्रश्न संशोधनाला योग्य.

पालकांना दोन शब्द. इतिहास शिकून पोट भरते काय, असे तुम्ही विचाराल. नोकरीची हमी मी देत नाही. पण जुना दस्त वाचणे, दोन साक्षी ताडून पाहणे आणि जेवढे सिद्ध झाले तेवढेच लिहिणे, ही सवय कचेरीत, न्यायालयात आणि शाळेत सगळीकडे कामी येते. मुलगी नागपूरच्या दप्तरखान्यात आठ दिवस बसू इच्छीत असेल तर तिला अडवू नका, सोबत जा. आणि घरातील पेटीत आजोबांच्या सनदा, इनामाचे कागद, निकाहनामे, वह्या असतील तर त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा मुलांपुढे ठेवा. वाळवी आणि रद्दीवाला यांनी आपल्या मुलखाचे जे नेले ते परत मिळणार नाही. कबरीवरील जुना लेख रंगवण्याआधी त्याचा फोटो घेऊन ठेवा.

विद्यार्थी मित्रहो, सुट्टीत एवढे करा. अचलपूर, नरनाळा किंवा बाळापूर यांपैकी एका ठिकाणी जा. एक दरवाजा, एक हौद किंवा एक मोहल्ला निवडा. त्याविषयी एक प्रश्न एका कागदावर लिहा आणि त्याखाली, उत्तर कोठे सापडू शकेल त्या तीन जागा लिहा. तीन जागा लिहिता आल्या तर तो कागद घेऊन आपल्या प्राध्यापकांकडे जा. लिहिता आल्या नाहीत तर प्रश्न बदला.