सहावा मणी : हिमोग्लोबिनची रचना आणि सिकलसेल आजार

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात वाचलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक मेळाव्यात जमाखर्च आणि बांधकामाची प्रगती यांविषयी बोलण्याची प्रथा आहे. तो तपशील अहवालाच्या पुढील पानांवर आपणांस मिळेलच. आज मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या एका वस्तूविषयी बोलण्याची अनुमती आम्ही घेत आहोत. ती वस्तू म्हणजे आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन. वाशीम, मानोरा, मंगरूळपीर, कारंजा, रिसोड आणि मालेगाव या साऱ्या तालुक्यांतून पालक मुलांना घेऊन बाह्यरुग्ण विभागात येतात. मूल वारंवार रडते, हातपाय सुजतात, डोळे पिवळे पडतात. कोणी कावीळ उतरवून आणलेली असते, कोणी वाताचे औषध दिलेले असते. त्यांपैकी काहींच्या दुखण्याचे मूळ या एका रेणूच्या रचनेत असते. ती रचना एकदा समजली की उपचारातील प्रत्येक सूचनेमागचे कारण समजते, असा आमचा अनुभव आहे.

सजीवांचे शरीर ज्या प्रचंड रेणूंनी घडलेले असते त्यांना महारेणू म्हणतात. प्रथिने, डीएनएसारखी न्यूक्लिक आम्ले, पिष्टासारखी मोठी कर्बोदके हे त्यांचे प्रमुख प्रकार. यांची बांधणी माळेसारखी असते : लहान लहान मणी एकामागोमाग ओवलेले. प्रथिनाच्या माळेतील मण्यांना अमिनो आम्ले म्हणतात आणि त्यांचे मुख्य प्रकार वीस. माळ ओवून झाली की ती स्वतःभोवती वळते, दुमडते आणि तिला ठराविक आकार येतो. प्रथिनाचे काम या आकारावर अवलंबून असते, आणि आकार मण्यांच्या क्रमावर.

हिमोग्लोबिन चार माळांचे बनते. दोन अल्फा माळा, प्रत्येकी १४१ मण्यांच्या; दोन बीटा माळा, प्रत्येकी १४६ मण्यांच्या; एकूण मणी ५७४. प्रत्येक माळेच्या खोबणीत लोहाचा एक अणू बसलेला असतो आणि त्याला फुफ्फुसात प्राणवायू चिकटतो. एका तांबड्या पेशीत असे सुमारे २७ कोटी रेणू दाटीवाटीने राहतात. ही रचना उलगडण्यासाठी केंब्रिजमध्ये मॅक्स पेरुत्झ यांनी १९३७ पासून वीसहून अधिक वर्षे खर्च केली. १९६२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्राणवायू घेताना आणि सोडताना हा रेणू आपला आकार किंचित बदलतो, हे त्यांच्या कामातून पुढे स्पष्ट झाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने हे आकार बदलणेच महत्त्वाचे.

आता मुख्य गोष्ट. बीटा माळेतील सहावा मणी सर्वसाधारणपणे ग्लुटामिक आम्लाचा असतो. त्याला पाण्याचा सहवास आवडतो. सिकलसेल आजारात त्या जागी व्हॅलिन येते, आणि व्हॅलिनला पाणी नकोसे असते. डीएनएच्या लिपीत पाहिले तर हा एका अक्षराचा फरक आहे. व्हॅलिन पाण्यापासून दूर होण्यासाठी आडोसा शोधते. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की शेजारच्या रेणूवर नेमका तसा एक खळगा उघडा पडतो. एक रेणू दुसऱ्यात अडकतो, दुसरा तिसऱ्यात, आणि पाहता पाहता पेशीच्या आत ताठ दोर वळला जातो. मऊ, चकतीसारखी पेशी ताणली जाऊन विळ्याच्या आकाराची होते. ती सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकते. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य कळा सुरू होतात. शिवाय निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही पेशी बहुधा दोन-तीन आठवड्यांतच फुटते. रक्तक्षय आणि डोळ्यांचा पिवळेपणा त्यातून येतो. कावीळ उतरवून तो उतरत नाही.

विळ्यासारख्या पेशींचे वर्णन १९१० मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे दाखवले आणि ‘रेणूचा आजार’ ही कल्पना वैद्यकात रुजली. फरक एकाच मण्याचा आहे हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ च्या सुमारास सिद्ध केले. आपल्या प्रदेशालाही फार काळ थांबावे लागले नाही : १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. तेव्हापासून विदर्भ हा या आजाराचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. आदिवासी आणि काही अनुसूचित जातींमध्ये त्याचे प्रमाण अधिक आढळते. इतर समाजांतही तो सापडतो. जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाचा जोर होता, तेथे हे जनुक टिकून राहिले. कारण ज्यांना ते एकाच पालकाकडून मिळते त्यांना जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते; १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील पाहणीवरून ते दाखवले. हे लक्षात घेतले तर या जनुकाला कोणाच्या जातीचा दोष ठरवण्याचे कारण उरत नाही.

या दोराला वळायला थोडा वेळ लागतो. पेशी सूक्ष्म वाहिनीतून साधारण एक-दोन सेकंदांत पार होते आणि फुफ्फुसाकडे परतते. त्याआधी दोर वळला नाही तर काहीच बिघडत नाही. म्हणजे सारा झगडा क्षणांचा आहे. पेशीतील पाणी कमी झाले, रेणूंची दाटी वाढली, की हा वेळ झपाट्याने घटतो. आमच्या परिचारिका सिकलसेलच्या मुलाला पाणी पाजण्याचा इतका आग्रह का धरतात, त्याचे उत्तर येथे आहे. वैशाखाच्या उन्हात शेतावर नेलेले मूल, तापात किंवा हगवणीत पाणी न मिळालेले मूल, थंडीत गार पाण्याने आंघोळ घातलेले मूल वेदनेच्या झटक्याला लवकर बळी पडते. शाळेत पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी आणि लघवीला जाऊ द्यावे, एवढी चिठ्ठी आम्ही शिक्षकांना देतो. कित्येकदा तीच महागड्या औषधाइतकी उपयोगी पडते.

जन्मल्यावर पहिले काही महिने बाळ ठणठणीत असते. याचे कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन. त्यात बीटाऐवजी गॅमा नावाच्या माळा असतात आणि त्या दोरात सामील होत नाहीत. सहा महिन्यांच्या सुमारास ते ओसरते आणि लक्षणे दिसू लागतात. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध मुख्यतः हेच जुने हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते आणि पेशीला ते क्षण मिळवून देते. बरे वाटले म्हणून हे औषध पालकांनी परस्पर बंद करू नये. रक्ताची नियमित तपासणी मात्र हवीच. या मुलांची पाणथरी लवकर निकामी होते, म्हणून लहानपणी पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस आवश्यक. ताप आला तर रात्र काढू नये. पोट एकाएकी फुगले आणि मूल पांढरेफटक पडले तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नये.

जनुकातच बदल घडवणाऱ्या उपचारास २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याचा हेतूही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा जागे करण्याचाच आहे. त्याचा खर्च मात्र आपल्या रुग्णांच्या कल्पनेपलीकडचा आहे. वर्तमानपत्रातील बातमी घेऊन आशेने येणाऱ्या मातापित्यांना आम्ही हे स्पष्ट सांगतो.

शेवटी, ज्या प्रश्नाने आम्हांला सर्वाधिक अस्वस्थ केले आहे त्याविषयी. सदोष जनुक एकाच पालकाकडून आले तर ती व्यक्ती वाहक असते. वाहक आजारी नसते. तिच्या पेशींत निरोगी हिमोग्लोबिनही भरपूर असते. ती शेती करते, नोकरी करते, संसार करते. दोन वाहकांचा विवाह झाला तर मात्र प्रत्येक गर्भारपणी बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा हिशेब नसतो. दर वेळी चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात. वाहक मुलीचा विवाह वाहक नसलेल्या, निरोगी मुलाशी झाला तर सिकलसेलचा आजार अपत्यांत येत नाही. असे असूनही ‘रक्तात दोष आहे’ एवढ्याच शब्दांवर ठरलेली सोयरीक मोडते, आणि ती बहुधा मुलीचीच तपासणी करून मोडते. मुलाकडची मंडळी तपासणीस बसतच नाहीत. रक्त एका बाजूचे तपासून काय कळणार? मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी विवाह ठरत असेल आणि कुटुंबात हा आजार असेल, तर दोघांचीही तपासणी अधिकच अगत्याची.

१ जुलै २०२३ पासून केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान हाती घेतले असून त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. प्राथमिक चाचणी रक्ताच्या थेंबावर काही मिनिटांत होते, परंतु विद्राव्यता चाचणीने वाहक कोण आणि रुग्ण कोण हे वेगळे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करावी लागते. दात्यांनी तपासणीसाठी दिलेल्या रकमेचा उपयोग या दुसऱ्या टप्प्यासाठी व्हावा, अशी आमची विश्वस्तांना विनंती आहे. पहिल्या चाचणीवर थांबलेला अहवाल घरी गेला की त्यातून भीतीच अधिक पसरते. आमच्याकडे अहवाल ज्याचा त्याच्याच हाती, बंद लिफाफ्यात दिला जातो, आणि विवाह ठरत असेल तर वधू आणि वर दोघांनाही एकत्र बसवून ही माळ व तिचा सहावा मणी कागदावर काढून दाखवला जातो.