गोगलगाय नि सोंडेतला भाला

उन्हाळी व्याख्यानमालेत विषय जाहीर झाला होता ‘उष्ण समुद्रातले शिकारी’. निवृत्त प्राध्यापक असलेल्या वक्त्यांनी शार्कना दोन वाक्यांत निरोप दिला, मृदुकाय प्राण्यांचं वर्गीकरण “शाळेत झालंय तुमचं” म्हणत ओलांडलं आणि त्या आपल्या लाडक्या म्हणण्यावर आल्या: माणसानं शंख जपला, आतला जीव पाहिला नाही.

“गोगलगाय नि पोटात पाय म्हणतो ना आपण? हिच्या सोंडेत भाला आहे!” सभागृह खळखळून हसलं.

ही समुद्री गोगलगाय म्हणजे कोन शंख. त्याच्या सातशेहून अधिक प्रजाती आहेत. बहुतेक सागरी कृमी खातात, काही दुसरे शंख, तर काही चक्क मासे. जिभेवरच्या दाताचाच पोकळ, काटेरी भाला झालेला असतो. विषानं भरलेला हा भाला सोंडेतून सुटतो आणि मासा क्षणात लुळा पडतो. कोनस जिऑग्राफस आणखी पुढे जातो. तो नरसाळ्यासारखं तोंड पसरून आसपासच्या छोट्या माशांना गिळतो. त्याच्या विषात माशांच्या इन्सुलिनशी जुळणारं इन्सुलिन असतं, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. रक्तातली साखर कोसळली की मासा पळणार कसा? मधुमेहाचा उल्लेख येताच पहिल्या रांगा सावरून बसल्या.

इथे चित्रकार रेम्ब्रांट आला, आणि लवकर गेला नाही. १६५० मध्ये त्यानं एका कोन शंखाचं अम्लरेखन केलं. छापल्यावर चित्र आरशातल्यासारखं उलटतं. म्हणून सही त्यानं पत्र्यावर उलटी कोरली, शंख मात्र दिसला तसाच. परिणामी छापातला शंख डावखुरा झाला. “सही सांभाळली, प्राण्याचं वळण नाही!” त्या कळवळून म्हणाल्या. मागून एक संग्राहक उठले: शंख गोळा करणाऱ्यांमुळेच तर प्रजाती कळल्या. वक्त्यांचा आवाज चढला. निसर्ग अभ्यासक रुम्फियसही संग्राहकच होता, पण १७०५ च्या त्याच्या ग्रंथात कोन शंखाच्या दंशानं झालेल्या मृत्यूची नोंद आहे. तसं बघायला हवं होतं, एवढंच त्यांचं म्हणणं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. घड्याळ पाहून त्या भरभर बोलू लागल्या. १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हेमन बेटावर एका तरुणानं जिवंत जिऑग्राफस तळहातावर धरून त्याचं वरचं आवरण चाकूनं खरवडलं; काही तासांत तो गेला. मग फिलिपिन्सचे बाल्डोमेरो ऑलिव्हेरा. लहानपणी शंख वेचणाऱ्या या शास्त्रज्ञाच्या युटामधल्या प्रयोगशाळेत नुकताच शाळा संपवून आलेल्या मायकेल मॅकिन्टॉशनं कोनस मॅगसच्या विषातून एक पेप्टाइड वेगळं काढलं. मज्जातंतूंमधले कॅल्शियमचे ठरावीक मार्ग ते अडवतं, त्यामुळे वेदनेचा निरोप पुढे जात नाही. २००४ मध्ये झायकोनोटाइड या नावानं अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. ते पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवातच सोडावं लागतं आणि मानसिक दुष्परिणाम तीव्र असू शकतात. म्हणून इतर उपाय थकल्यावरच देतात. हे मात्र त्यांनी घाई न करता सांगितलं.

एकाच प्रश्नाला वेळ उरला. किनाऱ्यावर जिवंत कोन शंख दिसला तर रुंद बाजूनं धरायचा की निमुळत्या?

“कुठल्याच नाही. सोंड कुठेही वळते, आणि विषावर उतारा नाही. डंख झाला तर श्वास बंद पडू शकतो, म्हणून थेट दवाखाना. शंख जिथे आहे तिथे राहू द्या.”