दात खाणारं मूल काय सांगतं?

आपल्याकडं रागावलेला माणूस दातओठ खातो. त्यामुळं एखादं मूल करकरा दात खाऊ लागलं, की आपण त्याला हट्टी ठरवतो, नाहीतर पोटात जंत झाले म्हणून मोकळे होतो. सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांत ही सवय अधिक आढळते. पण तो राग नव्हे आणि खोडीही नव्हे.

माझ्या भाच्याला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याला बोलता येत नाही. रात्री त्याच्या दातांची करकर भिंतीपलीकडं ऐकू यायची. शेजारी म्हणायचे, ‘‘जरा दटावा त्याला.’’ जंतांचं औषध दिलं, पण आवाज थांबला नाही. मुलांच्या दंतवैद्यांनी मात्र आधी विचारलं, ‘‘जागेपणी खातो की झोपेत? जेवल्यावर वाढतं का? घोरतो का?’’ बहिणीनं पंधरा दिवस वहीत टिपून ठेवलं. जेवून लगेच आडवं केलं की करकर वाढते, हे त्या वहीतून कळलं. पोटातलं आंबट पाणी वर येत होतं. त्यावर उपचार झाले आणि पुष्कळ फरक पडला. पूर्ण थांबलं नाही, पण मायलेकरांना झोप लागू लागली.

प्रत्येक मुलाचं कारण वेगळं असतं. कुणाची दाढ किडलेली असते, कुणाचा कान ठणकत असतो. डाउन सिंड्रोमच्या मुलांत झोपेत श्वास अडखळणं बरंच आढळतं. म्हणून घोरण्याकडं दुर्लक्ष नको. काही औषधांनीही दात खाणं वाढतं. मात्र औषध आपल्या मनानं बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं. कुणाला जबड्यावरचा तो दाबच हवासा वाटतो. अशा मुलाला चावायला कोणती सुरक्षित वस्तू द्यावी, हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट सांगतात. झोपण्यापूर्वी तासभर टीव्ही बंद, दिवा मंद आणि रोज तोच क्रम, एवढं घरी करता येतं.

दातांवर बसवायचं प्लास्टिकचं कवच सर्वांना चालत नाही. फिट येणाऱ्या किंवा गिळायला त्रास होणाऱ्या मुलाच्या घशात ते अडकू शकतं; दुधाचे दात पडण्याच्या वयात ते नीट बसतही नाही. फार झिजलेल्या दाढांवर स्टीलची टोपी बसवता येते. खर्चाची चिंता असेल, तर राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेची चौकशी करा. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी तिच्यात १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा आहे.

ज्या मुलाला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही, त्याच्या दातांचा आवाज कदाचित तेच सांगत असतो. त्याला दटावून गप्प केलं, तर दुखणं आतच राहील. म्हणून आधी एक वही घ्या आणि ऐकलेलं लिहून ठेवा.