सैल पकडीची ताकद

मी रसायनशास्त्र शिकवतो. ‘घट्ट तेच चांगलं’ ही समजूत मला आज मोडायची आहे.

पाण्याच्या रेणूत अणू घट्ट बांधलेले असतात, पण एक रेणू दुसऱ्याला जेमतेम धरतो. कोरड्या हवेत ही पकड टिकत नाही. रेणूच्या मापाच्या पोकळीत मात्र सगळ्या भिंती त्याला थोडं थोडं ओढतात आणि तो थांबतो.

धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून अशा पोकळ्यांची जाळी उमर याघी यांनी घडवली. पॅलेस्टिनी निर्वासितांच्या कुटुंबात, अम्मानमध्ये, नळाच्या पाण्याशिवाय ते वाढले. ॲरिझोनाच्या वाळवंटात त्यांच्या पदार्थाने रात्री हवेतली वाफ धरली आणि दिवसा उन्हाने तापताच पाणी सोडलं. पकड घट्ट असती, तर पाणी आतच अडकलं असतं.

२०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना सुसुमु कितागावा आणि रिचर्ड रॉबसन यांच्यासह मिळालं.

१० वर्षांचे असताना शाळेच्या वाचनालयातल्या पुस्तकात त्यांनी रेणूंची चित्रं पाहिली होती. तुमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात असं पुस्तक आहे का? नसेल, तर मागा. मुलींसाठीही मागा.