चिमूटभर रंजक
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला आधीच बजावलं होतं, "कामाबद्दल बोलू नकोस, सॉफ्टवेअरवाले आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत. छंदाबद्दल बोल. दहा मिनिटं." मी छंद सांगितला तेव्हा फोनवर थोडा वेळ शांतता पसरली. मग पलीकडून प्रश्न आला, "म्हणजे खरी बंदूक?"

हो, खरी. मी पेनसिल्व्हेनियात राहते आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी रेंजवर जाऊन चकमकीच्या, ठासणीच्या बंदुकीने कागदी लक्ष्यावर नेम धरते. शिकार करत नाही. या बंदुकीचं तिथे घरचं नातं आहे. अठराव्या शतकात लँकेस्टरच्या आसपास स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी लांब नळीची रायफल घडवली. त्या राज्यात नाताळनंतर हरणाच्या शिकारीचा एक खास हंगाम १९७४ पासून चालू आहे, आणि त्यात फक्त चकमकीचीच बंदूक चालते. शेजारपाजारच्या घरांत ती असते, तशी एक माझ्या हातात आली.

ती चालते कशी, ते आधी सांगते. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, मग कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासून खाली बसवायची. नळीच्या मागच्या टोकाला, बाजूला, एक बारीक भोक असतं. त्याला मराठीत 'कान' म्हणतात. तोफांच्या कानांत खिळे ठोकल्याचं आपण इतिहासात वाचलं, तोच हा कान. कानाच्या बाहेर एक छोटी लोखंडी वाटी असते. तिच्यात चिमूटभर बारीक दारू टाकायची. ती 'रंजक'. चाप ओढला की चकमकीचा दगड पोलादी झडपेवर घासतो, ठिणग्या वाटीत पडतात, रंजक भपकन पेटते, तिची ज्योत कानातून आत शिरते आणि बार उडतो. रंजक पेटली आणि आतली दारू पेटलीच नाही, तर हाती येतो फुसका बार. हा शब्द मी आयुष्यभर राजकारण्यांसाठी वापरला. खरा फुसका बार पाहिला तो चाळिशीत.

आता ही चिमूटभर रंजक वाटीत टाकायची कशाने? माझं आजचं भाषण एवढ्याच प्रश्नावर आहे. हसू नका, याच प्रश्नाने मला एकदा चांगलं हादरवलंय.

सुरुवातीला मी वेगळं साधन घेतलंच नव्हतं. गळ्यात दारूचं मोठं शिंग असायचं. नळीतली दारू त्यातूनच मोजायची आणि रंजकही त्यातूनच ओतायची. दारूचे दाणे बारीक-जाड असतात. तीन एफ म्हणजे जरा जाड, चार एफ म्हणजे अगदी बारीक. रंजकेला चार एफ उत्तम, पण तीन एफनेही काम भागतं. मग दोन भांडी कशाला बाळगायची, असा माझा हिशेब.

एकदा फुसका बार झाला. रेंजच्या नियमाप्रमाणे मी नळी लक्ष्याकडेच धरून एक मिनिट थांबले, कारण कधीकधी आतली दारू उशिराने पेटते. मिनिट संपलं. मी कानात सुई फिरवली, वाटी घाईघाईने पुसली आणि शिंग वाटीवर तिरकं केलं. शेजारच्या जागेवर सत्तरीचे एक गृहस्थ होते. त्यांनी पुढे होऊन शिंगाच्या तोंडावर तळहात ठेवला. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "वाटीच्या कोपऱ्यात एखादा निखारा उरला असेल, तर आत्ता तुझ्या हातात काय आहे?"

माझ्या हातात पाव किलोच्या आसपास दारू होती, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर.

त्या क्षणी मला काय आठवलं असेल? आपली प्रयोगशाळा. नववीत स्पिरिटचा दिवा मंद झाला, म्हणून मी पेटत्या दिव्याजवळ स्पिरिटची अख्खी बाटली घेऊन गेले होते. रसायनशास्त्राच्या बाईंनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली आणि उरलेला तास मला व्हरांड्यात उभं केलं. "मोठी बाटली कपाटात. टेबलावर लागेल तेवढंच." हे वाक्य त्यांनी वर्षभरात किती वेळा म्हटलं असेल! मला मात्र फक्त अपमान लक्षात राहिला. त्या वर्षी स्लॅमबुकात 'नावडत्या शिक्षिका' या रकान्यात मी कोणाचं नाव लिहिलं, ते इथे बसलेल्या तिघींना माहीत आहे. बाई पहिल्या रांगेत आहेत, म्हणून पुढे बोलत नाही.

घरी आल्यावर मी साधनं शोधायला बसले. तोवर माझे निकष होते वेग, सोय आणि देखणेपणा. आता पहिला प्रश्न एकच राहिला. हे साधन सगळ्यात वाईट दिवशी कसं वागेल? ऑफिसात आम्ही प्रोग्रॅमबद्दल रोज हेच विचारतो. बंदुकीबद्दल विचारायचं मला सुचलं नव्हतं.

आधी एक सावधगिरी. दुकानात 'प्रायमिंग टूल' मागितलं की तीन वेगळ्या वस्तू पुढे येतात. एक काडतुसं पुन्हा भरणाऱ्यांची. दुसरी केप बसवण्याची. आपल्या कोकणात शेतराखणीसाठी परवान्याच्या ठासणीच्या बंदुका असतात, त्यांना लागते ती केप. चकमकीच्या बंदुकीला या दोन्ही निरुपयोगी. आपल्याला हवं ते तिसरं, वाटीत दारू सोडणारं.

त्यातही पर्याय आहेत. जुने सैनिक कागदी काडतूस दाताने फाडून आधी वाटीत रंजक टाकायचे आणि मग उरलेली दारू नळीत ओतायचे. लढाईत वेग लागे, म्हणून ते ठीक. पण त्यात वाटी भरलेली असताना नळीच्या तोंडाशी हात जातो. आमचा रेंजवरचा क्रम बरोबर उलटा आहे. आधी नळी भरायची आणि रंजक सगळ्यात शेवटी, नळी लक्ष्याकडे वळवून. म्हणून काडतूस बाद.

दुसरा पर्याय, रंजकेसाठी वेगळं छोटं शिंग. दिसायला फार सुंदर, मला मोह झाला होता. पण त्याचं बूच दातात धरावं लागतं. थंडीत बोटं बधिर झाली की दारू हवी त्यापेक्षा जास्त सांडते. आणि बूच लावायचं राहिलं तर ते शिंग उघडंच गळ्यात लोंबत राहतं. म्हणजे ते माझ्या आठवणीवर अवलंबून, आणि माझ्या आठवणीचा लौकिक तुम्हाला माहीत आहे.

तिसरा पर्याय, पितळेची बोटाएवढी नळी. ती मी आज आणलेली नाही, विमानतळावर समजावत कोण बसणार! हे बॉलपेन म्हणजे ती नळी समजा. टोकाला स्प्रिंग लावलेली चोच आहे. चोच वाटीत टेकवून दाबली की साधारण तीन ग्रेन, म्हणजे ०.२ ग्रॅम रंजक पडते. हात उचलला की चोच आपोआप बंद. पितळेवर ठिणगी उडत नाही. नळीत एकूण मावते तीन-चार ग्रॅम. म्हणजे मी विसरले, घाबरले, हात थरथरला, तरी जवळ असते ती एवढीच. टेबलावर लागेल तेवढंच. मोठं शिंग आता बूच लावून मागच्या पेटीत राहतं.

हिच्यातही खोड आहे. जाड दाणा चोचीत अडकतो, म्हणून हिला चार एफच लागते. दमट हवेत दारूच्या गुठळ्या होतात, म्हणून संध्याकाळी नळी रिकामी करून कोरडी करावी लागते. हे कष्ट मला मंजूर आहेत. बिघडली तर दारू पडत नाही एवढंच होतं, भलतंच काही होत नाही.

नळी घेतल्यावरही एक चूक मी बरेच दिवस केली. जास्त रंजक म्हणजे खात्रीचा बार, असं समजून तीन-तीनदा दाबायचे. वाटी काठोकाठ भरली की कान बुजतो. मग ज्योत आत झेप घेत नाही, दारू वातीसारखी जळत आत जाते. 'फस्स' आणि 'धाड' यांच्यात क्षणभर अंतर पडतं, आणि तेवढ्यात माझा खांदा दचकून नेम चुकतो. माझ्या वाटीला एक दाब पुरतो. वाटीचा तिसरा हिस्सा, कान मोकळा.

मी प्रत्येक बार वहीत टिपते. वही चाळल्यावर कळलं की नळी आल्यानंतरचे फुसके बार तिच्यामुळे नव्हते. कधी दगडाची धार गेलेली, कधी काजळीने कान बुजलेला, कधी वाटीत ओल धरलेली. जळलेल्या दारूची काजळी हवेतली ओल ओढून घेते आणि उन्हाळ्यात तिचा काळा चिखल होतो. म्हणून नळीच्याच दोरीला कान साफ करायची सुई आणि छोटा ब्रश बांधलाय. तिन्ही मिळून एक साधन, असं मी मानते.

तेव्हा या छंदात नवं पाऊल टाकणाऱ्याला माझा सल्ला असा. सगळ्यात देखणं साधन घेऊ नका, सगळ्यात भराभर चालणारंही नको. आपली चूक लहानात लहान ठेवेल ते घ्या.

बाई, रेंजवर त्या गृहस्थांचा हात माझ्या शिंगावर होता, पण आवाज मला तुमचा ऐकू आला. ३० वर्षं उशिरा आला, माझी दारू जरा उशिराने पेटते. स्लॅमबुकातला तो रकाना मी आज सगळ्यांसमोर खोडते. व्हरांड्यातला तो तास माझ्या शाळेतला सगळ्यात उपयोगी तास होता.