दोन वर्षांची पदवी : कर्ज किती, प्राप्ती किती?

(वार्षिक संमेलनात विद्यार्थी साहाय्य निधीच्या वतीने केलेले भाषण)



निधीचा जमाखर्च छापून आपल्या हाती आलाच आहे; तो वाचून दाखवून आम्ही आपला वेळ घेणार नाही. यंदा आमच्यापुढे असे दोन अर्ज आले की, त्यांच्यापायी समितीस तीन वेळा बसावे लागले. दोन्ही अर्ज एकाच शिक्षणासाठी होते. एक आम्ही मंजूर केला, दुसरा नामंजूर केला. त्यावरून पक्षपाताचा बोभाटा झाला, म्हणून हा खुलासा.

पहिला अर्ज न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या एका सूनबाईंचा. त्यांना अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना आहे. दुसरा सांगलीकडील, नुकत्याच बारावी झालेल्या एका मुलाचा. दोघांनाही तेथील कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या स्थानिक सरकारी महाविद्यालयात, श्वसनोपचाराचे शिक्षण घ्यावयाचे आहे. २०२० च्या साथीत व्हेंटिलेटर हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला. अमेरिकेत ते यंत्र सांभाळणाऱ्या तज्ज्ञाच्या व्यवसायात या दोन वर्षांच्या पदवीने प्रवेश मिळतो. अर्थात पुढे परीक्षा आणि परवाना आहेच.

आकडे मोहक आहेत. मे २०२३ मध्ये या व्यवसायातील मध्यम वार्षिक वेतन ७७,९६० डॉलर होते. निम्म्यांस याहून अधिक, निम्म्यांस कमी. २०२३-२४ साली स्थानिक विद्यार्थ्यांसाठी अशा महाविद्यालयांची सरासरी फी वर्षास ३,९९० डॉलर होती. परंतु दोन वर्षे ही बहुधा दोन राहत नाहीत. शरीररचना, शरीरक्रिया इत्यादी विषय आधी उत्तीर्ण व्हावे लागतात आणि जागाही मोजक्या असतात. म्हणून आम्ही तीन वर्षे धरली. फी सुमारे १२,००० डॉलर. ती सगळी साडेपाच टक्क्यांनी कर्जाऊ काढली, तरी दहा वर्षे महिना सुमारे १३० डॉलरांचा हप्ता. एवढ्या पगारावर तो जड नाही.

पण येथेच हिशेब मिटणारा फसतो. रुग्णालयातील उमेदवारी बहुधा दिवसाची आणि बिनपगारी. ताशी १६ डॉलरांची पूर्ण वेळेची नोकरी अर्ध्यावर आणावी लागली, तर एका वर्षात १६,६४० डॉलर बुडतात. म्हणजे तीन वर्षांच्या फीहून अधिक! बुडालेला पगार कोणत्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो. आणखी एक गोष्ट आम्हांस नव्याने कळली. कर्ज थकविणारे मोठ्या रकमांचे ऋणको असतील असा आमचा समज होता. वस्तुतः थोडके कर्ज काढून शिक्षण अर्धवट सोडलेले लोकच तेथे अधिक थकतात. पदवी नाही, पगार जुनाच, आणि हप्ता मात्र चालू.

सूनबाईंनी हे सारे स्वतःच मांडले होते. फीसाठी त्यांना तेथील सरकारी कर्ज मिळू शकते. निधीकडे त्यांनी मागितले ते केवळ उमेदवारीच्या वर्षातील घरखर्चाच्या तुटीपुरते. त्या काळात नातवास सांभाळण्यास सासूबाई सहा महिने जाणार, हेही अर्जात लिहिले होते. (असे अर्ज येऊ लागले तर समितीस कामच उरणार नाही!) रक्कम मंजूर झाली.

मुलगा हुशार आहे, याविषयी दुमत नव्हते. परंतु तो तेथील रहिवासी नाही, म्हणून फी कित्येक पटींनी अधिक, आणि विद्यार्थी-व्हिसावर जाणाऱ्यास सरकारी कर्ज नाही. वडील राहते घर गहाण ठेवण्यास निघाले होते. पदवीनंतर कामाची परवानगी एका वर्षाची. त्यातलाच काही काळ परवाना मिळविण्यात जाणार. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांस मिळणारी वाढीव दोन वर्षे निदान बॅचलर पदवी असल्यावाचून मिळत नाहीत. त्यापुढील नोकरीचा व्हिसाही सामान्यतः बॅचलर पदवी लागणाऱ्या कामासाठीच असतो. म्हणजे ७७,९६० हा आकडा खरा. पण तो या मुलाचा नव्हे.

वडील म्हणाले, "घर माझे, मुलगा माझा, तुमचे काय जाते?" प्रश्न रास्त होता. उत्तर द्यावयाचे तर एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका अर्जावर आम्ही केवळ भिडेखातर सह्या केल्या. निधीची रक्कम पाहून बँकेने उरलेले कर्ज दिले. मुलगा पदवी घेऊन वर्षभराने परतला. बँकेचे हप्ते आजही त्याचे वडील निवृत्तिवेतनातून भरतात, आणि निधीचा हप्ताही एकदा चुकविलेला नाही. ते रस्त्यात भेटले की आधी आमचीच मान खाली जाते.

श्वसनोपचाराची पदवी आपल्या देशातही मिळते. ती येथे घेतल्यास फीचा भार निधी उचलील, असे आम्ही या मुलास लेखी कळविले आहे. उत्तर आलेले नाही. वडील आज सभेस आले नाहीत. त्यांना राग आला असल्यास तो आम्हांस समजतो. प्रस्ताव जूनअखेर खुला आहे.

अर्जाच्या नमुन्यात यंदापासून दोन रकाने वाढविले आहेत : शिक्षणकाळात किती पगार बुडेल, आणि शिक्षण मध्येच थांबल्यास हप्ता कोण भरील. नवे नमुने बाहेरच्या मेजावर ठेवले आहेत.