गाळाची खतावणी



हिशेबाची वही वाचायला आम्हांला शाळेने नव्हे, मजुरीच्या तंट्यांनी शिकविले. आज अशाच एका वहीविषयी बोलायचे आहे. ती म्हणजे नदीच्या तळचा गाळ. पाणी वाहून जाते. गाळ जमाखर्च राखून ठेवतो.

खाणीची उघडी माती पावसाबरोबर ओढ्यात उतरते. शिसे, क्रोमियम, कॅडमियम असे जड धातू पाण्यात असले, तर ते बारीक चिकणमातीच्या कणांना धरून राहतात. खाडीत गोड्या पाण्याला खारे पाणी भेटले की हे कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. म्हणून वरचे पाणी बाटलीत भरून मिळविलेला दाखला अर्धाच होय. मुळे, तिसऱ्या, कालवे तळाशीच वाढतात, आणि तीच आपल्या ताटात येतात. शिवाय तळ उपसला, ढवळला, तर बसलेला धातू पुन्हा सुटू शकतो.

मात्र उगाच घाबरवणे हे आमचे काम नव्हे. आपली भूमी जांभ्याची. लोह तिच्या अंगचेच. धातू सापडला म्हणजे विष सापडले असे होत नाही. खाणीच्या वरच्या अंगाचा गाळ आणि खालच्या अंगाचा गाळ ताडून पाहावा लागतो. धातू दगडात घट्ट बांधलेला आहे की सहज सुटणारा, हेही पाहावे लागते.

रेडीला लोहखनिज आहे. कणकवलीजवळ जानवली-वागदे भागात क्रोमाइट आहे. जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे खाणीचा कडा फुटून चिखलाचे पाणी गावात शिरले. चिखल सर्वांनी पाहिला. त्यात काय होते ते मोजल्यावाचून कळत नाही.

कोणी विचारील, खाणीवर बोट ठेवलेत तर मजूर खाईल काय? प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर जपानात पाहावे. मिनामाता येथे कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा मासळीतून माणसांत गेला. रोग १९५६ साली उघडकीस आला. १९६८ साली त्याच कारखान्यातील कामगार संघटनेने ठराव केला, की रोग्यांसाठी आपण लढलो नाही याची आपल्याला लाज वाटते. मध्ये बारा वर्षे गेली. तळचा गाळ काढून गाडण्याचे काम तर १९७७ पासून १९९० पर्यंत चालले.

खाणीवरचा मजूर आणि खाडीवरचा मच्छीमार बहुधा एकाच घरचे भाऊ असतात. एकाच्या मजुरीसाठी दुसऱ्याचे अन्न गहाण टाकणारा करार आम्ही कामगारांचा करार मानीत नाही. तेव्हा मागणी साधी आहे: खाण सुरू होण्यापूर्वी एकदा आणि पुढे दर पावसाळ्यानंतर गाळ तपासावा, आणि निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. वही आपली आहे. ती वाचण्याचा हक्कही आपलाच आहे.